चढणीवरची फुले

सकाळचे कोवळे ऊन त्या निजलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर आधी टेकले, मग काळ्या खडकांवरून, कसलीच घाई नसल्यासारखे, रानफुलांच्या उतारावर हळूहळू ओघळत आले. मागून चढणाऱ्या मुलाचे लक्ष मात्र वडिलांच्या पाठीकडे होते. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. या अवघड चढणीला डॉक्टरांनी हसत परवानगी दिली होती, तरी त्याचा जीव टांगणीला लागला होता. दोघांच्याही पिशव्या त्याने हट्टाने आपल्याच पाठीवर घेतल्या होत्या.

वडील घड्याळजी. दर वळणावर ते खाली बसत, डोळ्याला भिंग लावत आणि एखादे इवलेसे फूल उघड्या घड्याळासारखे न्याहाळत राहत. यांना धाप लागली आहे, ती लपवण्यासाठीच हे सोंग, असे मनाशी म्हणत तोही मुकाट्याने थांबे.

शेवटी त्याला राहवले नाही. "बाबा, पुरे झालं. परत फिरू या. किती वेळा थांबताय तुम्ही!"

वडिलांनी भिंग खिशात टाकले. "अरे, मागून तुझ्या छातीचा भाता ऐकू येतोय म्हणून थांबतोय! मला फुलांतलं काय कळतंय, कप्पाळ? आण त्या पिशव्या इकडे."

दोन्ही पिशव्या खांद्याला लावून ते वळणापलीकडे दिसेनासे झाले. तो फुलांतच मटकन बसला. वरून त्यांची शीळ ऐकू येत राहिली, लांबलचक, कुठेही न तुटणारी. त्याला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

बाबा केव्हाच बरे झाले होते.