कमरेतला कापूस

"मी एक इंचही बारीक होणार नाही," असं ठणकावूनच त्या जाड मॉडेलने काम घेतलं होतं. शिलाईवाल्या मावशींनी कापूस भरून तिच्या मापाचा पुतळा उभा केला. कंबर चाळीस.

फॅशन कंपनीच्या साहेबांनी पुतळा पाहून नाक मुरडलं. "जाड हवी, पण एवढी? दोन इंच काढा."

"पोरगी काय रबराची आहे?" मावशी पुटपुटल्या, पण पुतळ्याची शिवण उसवून त्यांनी कापूस उपसला. तो हाताला कोमट लागला.

दुपारी पोरगी फिटिंगला आली. "मावशी, सकाळपासून पोटात कसंतरीच होतंय हो."

मावशींनी टेप लावला. अडतीस. पुन्हा लावला. अडतीसच.

पडद्यापलीकडे, पुतळ्यापाशी, साहेब म्हणाले, "आणखी थोडा मीच काढतो!"

"थांबा!" मावशी ओरडल्या.

त्यांच्या हातातला टेप पोरीच्या कमरेवर सैल पडत गेला.