खुंटीवरचा पट्टा

लकवा मारला तेव्हापासून अम्मीची वाचा बसली होती. म्हणून संशोधनवाल्यांनी तिच्या डोक्याला एक पट्टा बसवला. अम्मीच्या मनात येईल ते उशाजवळचा डबा तिच्याच आवाजात बोलायचा.

वर्ष झालं, तशा पुण्याच्या मॅडम पुन्हा संमती घ्यायला बावड्याला आल्या.

"तुमच्या मर्जीशिवाय काही होणार नाही, मेहबूबबी. पुढच्या वर्षीही पट्टा ठेवायचा का?"

"व्हय," डबा म्हणाला.

मॅडमनी कागदावर खूण केली. मी मात्र बुचकळ्यात पडलो. उद्या बाजारला जायचं असलं तरी अम्मी आधी इन्शाल्ला म्हणायची, मगच हो. उद्याचा शब्द तिनं त्याशिवाय कधी कुणाला दिला नव्हता. आज ते कसं राहिलं, असं मनात येऊन मी तिच्याकडं पाहिलं.

अम्मी डोळे ताणून माझ्याकडंच बघत होती. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि पदराखाली पट्टा नव्हता. सकाळी तिचं डोकं धुताना मी तो काढून खुंटीला अडकवला होता. अजून तिथंच होता.

"मॅडम, जरा थांबा," एवढंच मी म्हणालो.

डबा सावकाश म्हणाला, "इन्शाल्ला."