उधाणाचे दार

आषाढातल्या कोरड्या उन्हात मिठागर तापले होते. ऋतू आता चार महिने मागे पडले होते, पण समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या दाराचा संगणक जुनेच पंचांग धरून बसला होता.

"काकी, त्याच्या लेखी पावसाळा चालू आहे," राखणदार हसुराम म्हणाला. "दार उघडणार नाही."

"आजचं उधाण चुकलं तर यंदा मीठ नाही," मीठ पिकवणारी चांगुणा म्हणाली.

"माझी नोकरी जाईल."

"मग पाठ फिरव."

हसुरामने पाठ फिरवली. चांगुणाने दाराच्या फटीत पहार घातली.

"अतिवृष्टी. मागे व्हा," यंत्र कोकलले.

"तुझा पाऊस तुझ्यापाशी ठेव."

दार हलेना. तेव्हा, तोंड न वळवता, हसुरामने हात मागे नेले आणि पहार धरली. खारे पाणी धडधडत आत शिरले.