तुटक्या दाताची गाणी

दातांच्या डॉक्टरांनी आरसा तिच्या हातात दिला. “आजी, हा तुटका दात तासाभरात पहिल्यासारखा करतो.” सत्तरीची पंक रॉक गायिका आरशात बघत राहिली. पहिल्याच कार्यक्रमात धाकटी बहीण आनंदाच्या भरात स्टेजवर चढली आणि तिच्या धक्क्यानं माइक आदळून दाताचा टवका उडाला. तेव्हापासून गाताना प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजे. लोक शिट्टीवर फिदा झाले, मग तीही गाणी लिहिताना ‘स’चे शब्द मुद्दाम पेरू लागली. बहीण मात्र दर वाढदिवसाला आगगाडीनं येऊन माफी मागायची. आज तिनंच हट्टानं इथं आणलं होतं. “ताई, भरून घे गं. माझी टोचणी तरी जाईल.” “राहू द्या, डॉक्टर. निम्मी गाणी या दातानंच लिहिलीत.” बहिणीनं डोळे वटारले. “मग इतकी वर्षं माफी का मागू दिलीस?” “त्या निमित्तानं तू यायचीस, म्हणून.”