हुकूम

कौसल्याबाईंनी बंद फाटकासमोर ताटली ठेवली आणि त्या मागे सरकल्या. ताटलीत कोंबडीच्या सूपमध्ये कालवलेला भात होता. कुत्री ताटलीपुढे बसली. तिच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबली, पण मान खाली गेली नाही. ती फाटकाकडे बघत राहिली.

आत दुर्गेश पाईपने कूलरमध्ये पाणी भरत होता. "ओ मावशी, हे काय लावलं? उचला ते."

"भाऊ, ही तुमची आहे का?"

"माही? मी नाही पाळत कुत्री-फित्री."

"मग इथंच काहून बसते? घराबाहेर काढली का मले ओढत इथंच आणते."

"ते तिले विचारा."

शहराबाहेर, मिहानच्या रस्त्यावर एका खांबाला बांधलेली सापडली होती ती. मागच्या एका पायाने लंगडी. शेल्टरवाल्यांनी सलाईनवर जगवली. घरी आणल्यापासून कौसल्याबाई पिचकारीने तिच्या तोंडात दूध सोडत होत्या. ज्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं, तिथे मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर कोंबडी शिजत होती. खा म्हणून झालं, जेव म्हणून झालं, खा ले बेटा म्हणून झालं, शेवटी इंग्रजीतून ईटसुद्धा म्हणून झालं. कुत्री नुसती लाळ गाळत बसायची. आता तिच्या फासळ्या मोजता आल्या असत्या.

"डॉक्टर म्हणते हिले रोग नाही," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच खालचा. "हिले कोणीतरी शिकवलं आहे. हुकूम भेटल्याशिवाय ही तोंड नाही लावत. तो एक शब्द सांगा भाऊ, मी चालली जाते. तक्रार नाही, काही नाही."

"तक्रार?" दुर्गेशने मान वर केली. "कशाची तक्रार? धमकी देऊन राहिल्या का तुम्ही मले?"

समोरच्या अंगणात अंजनाबाई खाटेवरच्या कुरड्या पालथ्या करत होत्या. त्या हात थांबवून बघू लागल्या. "दुर्गेश, ही तर तुहीच आहे ना गा? हिनंच तर चोराची तंगडी धरली होती दिवाळीत. त्यानंच पाय मोडला ना हिचा? तू तर म्हणत होता, मेली."

"तुम्ही तुमच्या कुरड्या पाहा!"

दुर्गेशने पाईप कूलरमधून काढला आणि फाटकाच्या गजांतून धार सोडली. आधी कुत्रीवर, मग ताटलीवर. भात पाण्यात पसरला. कुत्रीने डोळे मिटले. अंग थरथरत होतं, पण ती जागची हलली नाही.

"नका भाऊ," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात भाजीवाल्याशीही हुज्जत घातली नव्हती. काय करावं ते त्यांना सुचेना. त्या कुत्रीच्या शेजारी रस्त्यावर बसल्या. पाण्याची धार त्यांच्या खांद्यावर आली, पदरावर आली. "मी इथंच बसते मग."

आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. कोणीतरी मोबाईल उंच धरला. दुर्गेशने पाईप फेकला, फाटकापाशी आला आणि लाथ घातली. फाटक खणखणलं.

"तमाशा करून राहिली? घे! गिळ! गिळ एकदाची!"

कुत्री ताटलीवर तुटून पडली.

नुसता तिच्या जिभेचा आवाज येत होता. ताटलीतला भात संपला, तशी ती पाण्याबरोबर रस्त्यावर वाहून गेलेली शितं चाटू लागली. अंजनाबाईंनी तोंडाला पदर लावला. मोबाईलवाल्याचा हात खाली आला.

दुर्गेश कुत्रीकडे बघत होता. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं आलं.

"जहर टाकलं असतं कोणी, तरी खाल्लं नसतं हिनं," तो म्हणाला. "अशी शिकवली होती." मग कौसल्याबाईंकडे वळला. "भेटलं ना पाहिजे ते? मोठ्यानं म्हणा लागते. तुमच्यासारखं पुटपुटलं तर नाही समजत तिले."

कौसल्याबाई ओल्या पदरानिशी उठल्या. ताटली उचलली. "हिचं नाव काय होतं?"

"कुत्रीले नाव कायले पाहिजे? निघा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मागच्या पडवीत ताटली ठेवली. "गिळ," त्या म्हणाल्या. कुत्रीने त्यांच्याकडे पाहिलं. "गिळ वं माय," त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कुत्रीची लाळ ताटलीत पडत राहिली. पोरांना गिळ म्हणू नये, जेव म्हणावं, हे आयांना सांगण्यात कौसल्याबाईंची बालवाडीतली सारी वर्षं गेली होती.

त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. पडवीचं दार लोटलं. मग मुठी आवळल्या आणि ओरडल्या, "गिळ!"

आवाज मध्येच चिरकला. पण कुत्रीला तेवढा पुरला. ती ताटलीवर तुटून पडली.

बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे चंपतराव धडपडत उठल्याचं ऐकू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "कौसल्या! कोणावर ओरडून राहिली वं?"

कौसल्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. ताटली चाटूनपुसून कुत्री लंगडत त्यांच्यापाशी आली. या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा तिची शेपटी हलत होती.