गुरुवारचे गोळे

"काकू, तुम्ही या खुर्चीत बसा," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. कितीही वाटलं तरी."

बायको बसली. तिच्या स्वेटरची बटणं एक घर चुकून लागली होती. नवऱ्याचा सदरा मात्र गळ्यापर्यंत नीट लावलेला, भांग पाडलेला, ॲप्रन स्वच्छ.

नियम साधा होता. म्हाताऱ्या जोडप्यापैकी एकाचं डोकं साथ देईनासं झालं, की कचेरीतून कुणीतरी घरी येतं. त्यांच्यासमोर त्याच माणसानं एक जेवण करून दाखवायचं. सगळं धड झालं तर दोघं एकत्र, आपल्या घरी. नाही तर एकाची रवानगी टेकडीपलीकडच्या निवासात, आणि भेटायला फक्त रविवार. निवासात एक खाट रिकामी झाल्याचं पत्र आठवडाभर फ्रिजवर लटकत होतं.

अर्जावर पदार्थाचं नाव बायकोनंच लिहिलं होतं: टर्कीच्या खिम्याचे भाजलेले गोळे. लोक अशा वेळी ऑम्लेटवर भागवतात. बाईंनी कारण विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडे गुरुवारी तेच असतं."

आज मंगळवार होता.

नवरा एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होता. दर गुरुवारी नऊशे गोळे. त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, ओव्हन तापायला लावला आणि ब्रेडचा चुरा दुधात भिजत घातला.

"टर्की म्हणजे कोरडं प्रकरण," तो बाईंना म्हणाला. "दूध पाजल्याशिवाय ऐकत नाही."

कांदा किसून त्यानं फडक्यात पिळला. खिमा, अंडं, लसूण, मीठ, मिरपूड. मळला नाही, नुसता बोटांनी सारखा केला. जास्त मळलं की गोळा चेंडू होतो, म्हणाला, मग जेवणाऱ्यानं खायचं की खेळायचं?

कपाटांच्या दारांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या होत्या. मीठ. ताटल्या. अंडी फ्रिजमध्ये. बाई त्या वाचत फिरल्या.

"या चिठ्ठ्यांचा उपयोग होतो?"

"होतो की. पाटी नसली तर नवा माणूस गोंधळतो."

हात ओले करून तो गोळे वळू लागला. वीस झाले. बाईंनी गंमत म्हणून वजनकाट्यावर एकामागून एक दोन ठेवून बघितले. तीस ग्रॅम. दुसराही तीस ग्रॅम.

"घरात कोण कोण असतं, काका?"

"मी आणि बायको."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"ते मोजायचं काम तिच्याकडे. माझ्याकडे फक्त गोळे."

बाई हसल्या. बायको हसली नाही. तिला भीतीही वाटत नव्हती. वर्षभर काळजी करकरून आतलं सगळं बधिर झालं होतं, दात काढण्याआधी हिरडी होते तसं. गाल चावला तरी कळू नये.

नवऱ्यानं ट्रे आत सरकवला, ओव्हनच्या घड्याळाची किल्ली वीस मिनिटांवर फिरवली. मग खुंटीवरची शाल काढून बायकोच्या खांद्यावर टाकली.

"यांना गार वाटतंय बहुतेक," तो बाईंना हळूच म्हणाला. "फारशा बोलत नाहीत."

तो मानानंच बोलायचा. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्यांनाही अहो-जाहो करायचा, आणि त्यावरून साहेबांची बोलणीही खायचा.

वीस मिनिटं झाली. घड्याळ वाजायला लागलं. नवरा हातात फडकं धरून खिडकीबाहेर बघत उभा होता. समोरच्या छपरावर कुणीतरी चादर वाळत घातली होती. घड्याळ वाजतच राहिलं. बाईंचं पेन थांबलं.

टेबलावरचा चमचा खणकन फरशीवर पडला. बायको हात मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

"असू दे, काकू, मी उचलते," बाई म्हणाल्या.

"गरम! मागून सरका!" नवरा ओरडला. मागे कुणीच नव्हतं. त्यानं ट्रे बाहेर काढला, ओव्हन बंद केला, घड्याळ गप्प केलं. एक गोळा मधोमध कापून बाईंसमोर धरला. आत गुलाबी काही उरलं नव्हतं आणि कडेनं रस सुटला होता.

त्यानं तीन ताटं वाढली. एक बाईंना. एक बायकोपुढे, गोळ्यांचे लहान तुकडे करून. तिसऱ्यावर झाकण ठेवून ते कोमट ओव्हनमध्ये सरकवलं.

"तुम्ही नाही बसत, काका?"

"आचारी शेवटी जेवतो."

बाईंनी खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि मागताना जरा लाजल्या. बायकोनं एकेक तुकडा तोंडात टाकला आणि गिळला. चव कळली नाही.

मग बाईंनी कागद पुढे ओढला. स्वच्छता, आच, सुरी, ओव्हन, वाढणं. प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. खाली सही केली, शिक्का मारला.

"झालं, काकू. दोघं इथंच राहा. ती खाट मी दुसऱ्या कुणाला द्यायला सांगते." त्यांनी बायकोचा हात दाबला. "आज मी घरी जाऊन जेवणार नाही, बरं का."

नवऱ्यानं त्यांना दारापर्यंत पोचवलं. जिन्यावरची पावलं खाली खाली गेली. खालचं दार लागलं.

बायकोनं फ्रिजवरचं पत्र काढलं आणि फाडलं. कित्येक महिन्यांनी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला चक्क भूक लागली.

नवरा हात पुसत परत आला. त्यानं चार गोळे डब्यात भरले, डबा तिच्या हातात दिला आणि दार पुन्हा उघडून अदबीनं बाजूला उभा राहिला.

"बराच वेळ बसलात, ताई. आता निघा तुम्हीही," तो म्हणाला. "माझी बायको येईलच इतक्यात. तिचं ताट झाकून ठेवलंय."