वायरीवरची चिठ्ठी

लालासाहेबांनी अर्ज काउंटरवर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"यंत्रातच खोट हाय. लिहून आणलंय सगळं. कंपनीला पाठवून दे."

साताऱ्यातल्या त्या लहानशा दुरुस्तीच्या दुकानात त्यांचा आवाज जरा मोठाच झाला. बाकावर बसलेल्या सुलाबाईंनी मान वर केली. त्या लालासाहेबांच्याच गावच्या, अंगणवाडीचा प्रिंटर घेऊन आल्या होत्या.

दुकानदार ज्योतिबाने अर्ज पाहिला. दोन पानं, निळी शाई, एकही खाडाखोड नाही. मथळ्याखाली पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेघ.

"फौजेतलं अक्षर," तो म्हणाला. "पण आधी बघू तर द्या, सुभेदार. ताई, काय होतंय नेमकं?"

लालासाहेबांच्या लेकीने, शिवांजलीने, पिशवीतून लॅपटॉप काढला. "गेम थबकतो, दादा. घरी मोठा मॉनिटर जोडलाय, त्याच्यावर. आधी नव्हतं असं. दिवाळीपासनं सुरू झालंय."

"तवापासनं हरतीया नुसती," लालासाहेब म्हणाले. "परवा सांगलीला कॉलेजच्या गेमच्या टीमची निवड हाय. मी हिला सांगून ठिवलंय. यंत्रात खोट निघाली तर बदलून घिऊ. न्हाई निघाली तर दोष तुझ्या हाताचा. मग सांगली बंद, अन् गेमबी बंद."

शिवांजली वायरीचा वेढा सोडवत राहिली.

"घरी जोडता तशीच जोडा," ज्योतिबाने सांगितलं.

तिने वायरीचं एक टोक दुकानातल्या मॉनिटरला लावलं, दुसरं लॅपटॉपच्या डाव्या बाजूला. गेम सुरू झाला. पडद्यावरचा शिपाई धावायचा, मध्येच अडखळायचा, पुन्हा धावायचा. कोपऱ्यातला वेगाचा आकडा चौऱ्याण्णवच्या आसपास घुटमळत होता.

ज्योतिबाने लॅपटॉप फिरवून पाहिला. "आता तीच वायर काढा अन् मागच्या भोकात घाला."

तिने घातली. आकडा एकशे तीसच्या वर गेला. शिपाई एकदाही अडखळला नाही. शिवांजलीची बोटं आपोआप कळांवर फिरली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"यंत्र ठणठणीत हाय," ज्योतिबा म्हणाला.

"दोन्ही भोकं तर सारखीच दिसत्यात," लालासाहेब म्हणाले.

"दिसत्यात सारखी. आत रस्ता निराळा हाय. ह्यात चिपा दोन असत्यात, एक थोरली, एक धाकटी. गेमचं चित्र थोरली काढती. मागचं भोक थेट थोरलीचं. डावीकडचं धाकटीचं. तिथं वायर लावली की थोरलीनं काढलेलं चित्र आधी धाकटीकडं जातं, मग पडद्यावर. मोटार दहा एचपीची, पण पाणी शेजाऱ्याच्या पाटातनं फिरवून आणल्यागत. पिकाला कमीच पोचणार की." त्याने हात झटकले. "आधी मागंच असणार ही वायर. मागनं काढून डावीकडं कुणी लावली?"

लालासाहेबांनी लावली होती. दिवाळीला टेबल पुसताना. मागे वायर असली की लॅपटॉप भिंतीला सरळ टेकत नव्हता. "असू दे की आप्पा," शिवांजली म्हणाली होती. "टेबल कसं बराकीगत पायजे," असं ते म्हणाले होते.

त्यांनी घसा खाकरला. सुलाबाई उठून काउंटरपाशी आल्या होत्या.

"मी," शिवांजली म्हणाली. तिने वडिलांकडे पाहिलं नाही.

"बघा गं बाई!" सुलाबाई हसल्या. "एवढी शिकलेली पोर, अन् बाप बिचारा दोन-दोन पानं लिहीत बसला. आवं सुभेदार, आता सांगली बंदच म्हणायची की!"

लालासाहेब हसले. मोठ्याने नाही, उगीच, सुलाबाईंच्या हसण्याला साथ दिल्यासारखे. ते हसणं त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

ज्योतिबाने वायर काढली आणि गुंडाळता गुंडाळता थांबला. टोकाजवळ पांढऱ्या चिकटपट्टीची एक चिठ्ठी होती. निळ्या शाईत लिहिलं होतं, 'डावी बाजू'. त्याखाली सरळ रेघ.

त्याने चिठ्ठीकडे पाहिलं. मग अर्जाकडे.

लालासाहेबांचा हात अर्जाकडे गेला. पण पानं दोन होती, एका तळव्याखाली झाकली गेली नाहीत.

ज्योतिबाने खणातून चिकटपट्टी काढली, एक तुकडा फाडून वायरीवर चिकटवला आणि पेन लालासाहेबांपुढे धरलं.

"नवी चिठ्ठी तुमीच लिवा, सुभेदार. अक्षर लय सुबक हाय तुमचं."

शिवांजलीने जुनी चिठ्ठी नखाने सोलली आणि सुलाबाईंना दिसण्याआधी मुठीत चुरगळली. मग वडिलांना लिहिता यावं म्हणून वायर दोन्ही हातांनी ताणून धरली.

लालासाहेबांनी 'मागची बाजू' लिहिलं. बराच वेळ लागला.

"परवाची गाडी किती वाजता?" त्यांनी मान खाली ठेवूनच विचारलं.

"पहाटे साडेपाच."

"डबा घिऊन जा."

"आँ? म्हंजे जायचंय व्हय?" सुलाबाई म्हणाल्या. "मग दोष कुणाचा ठरला?"

लालासाहेब शब्दांखाली रेघ मारत होते. वायर ताठ धरलेली होती, तरी रेघ वाकडी गेली.